रकाने कोणी भरायचे?

कचेरीत बावीस वर्षे कारकुनी केली की एक गोष्ट अंगवळणी पडते. अर्जदाराने चार पाने भरून कितीही पोटतिडकीने लिहिलेले असो, आवक नोंदवहीला त्यातले थोडेच हवे असते. नाव, गाव, विषय, दिनांक आणि अर्ज कोणत्या टेबलाकडे गेला. चार पाने माणसाने वाचायची, रकाने कचेरीने वाचायचे. आणि खरे सांगायचे तर पुढची सगळी चक्रे रकान्यांवर फिरतात. विषयाच्या रकान्यात भलता शब्द पडला की अर्ज भलत्या टेबलावर जाऊन बसतो आणि अर्जदार सहा महिने हेलपाटे घालतो.

आज वाचकांपुढे हे मांडण्याचे कारण म्हणजे आमच्या वस्तीतले वाचनालय. समाजमंदिराच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत पुस्तके, मोजून १,१४०. मागच्या खोलीत अभ्यासिका, खुर्च्या ३२. सकाळी सात ते रात्री दहा ती उघडी असते. फी नाही, अनामत नाही, कोणाच्या शिफारशीची चिठ्ठी नाही. २०२१ साली, टाळेबंदी सैल होत असताना, वस्तीतल्याच एका इंजिनिअर मुलाने वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर बांधून दिली. पानावर सगळे लिहिलेले होते. वाचनालय कधी सुरू झाले, कोणी विटा दिल्या, कोणी कपाट दिले, कोणकोणत्या परीक्षांची पुस्तके आहेत. माणसाने वाचले तर मन भरून यावे असा मजकूर.

पण बाहेरच्या एका ऑनलाइन यादीत आमचे वाचनालय ‘खासगी शिकवणी वर्ग’ म्हणून नोंदलेले निघाले. आम्हाला कोणी विचारले नव्हते. आमच्या पानावर एमपीएससी, पोलीस भरती, मार्गदर्शन हे शब्द होते, त्यावरून कोणीही तसा अंदाज बांधला असता. ही नोंद आम्हाला कळली ती एका पालकाच्या फोनमुळे. शहराच्या दुसऱ्या टोकाहून ते बोलत होते. त्यांनी विचारले, “साहेब, फी किती आहे? हप्त्याने भरली तर चालेल का?” आम्ही म्हटले, “दादा, इथे फी नसते.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग चार महिने आम्ही उगाच थांबलो. पोरगी रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून वाचते.”

वाचनालयाच्या समितीत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचे म्हणणे पडले की यादीवाल्यांना पत्र लिहावे. पत्र लिहिलेच. पण इंजिनिअर मुलगा, जो आता पुण्यास असतो, फोनवर म्हणाला की ती एक यादी दुरुस्त करून भागणार नाही. आपल्या पानावर आपण काय आहोत हे माणसाला समजेल अशा भाषेत लिहिले आहे, यंत्राला समजेल अशा रकान्यांत कुठेच लिहिलेले नाही. ज्याने त्याने अंदाज करावा अशी आपणच जागा मोकळी ठेवली आहे.

इथे थोडी माहिती देणे भाग आहे. जून २०११ मध्ये गुगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या शोधयंत्रांनी मिळून एक सामाईक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याचे नाव स्कीमा डॉट ऑर्ग. रशियाचे यांडेक्सही त्याच वर्षी त्यात आले. हा शब्दसंग्रह म्हणजे कोणत्या वस्तूसाठी कोणते रकाने, याचा ठरवून दिलेला नमुना. पुस्तकासाठी वेगळा नमुना, कार्यक्रमासाठी वेगळा, दवाखान्यासाठी वेगळा, व्यक्तीसाठी वेगळा. असे ८०० हून अधिक प्रकार त्यात आहेत. आपल्या पानाच्या मागे, वाचणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, या नमुन्याप्रमाणे भरलेली चिठ्ठी ठेवायची. ती लिहिण्याची जी पद्धत आज सर्वाधिक चालते तिला जेसन-एलडी म्हणतात. डब्ल्यू थ्री सी या संस्थेने २०१४ साली ती प्रमाण म्हणून मान्य केली. या सगळ्याला इंग्रजीत ‘स्ट्रक्चर्ड डेटा’ असे भारदस्त नाव आहे. आम्ही आपले ‘रकान्यांची माहिती’ म्हणतो.

ही चिठ्ठी हाताने लिहिता येते, परंतु एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी सगळी चिठ्ठी निकामी होते. म्हणून प्लगइन. प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा जादा भाग. तो आपल्यापुढे साधा फॉर्म ठेवतो, आपण भरला की मागची चिठ्ठी तो स्वतः लिहितो. मोफत प्लगइन बरेच आहेत. निवडताना आम्ही एवढेच पाहिले की शेवटची सुधारणा अलीकडची आहे काय, आपल्या वर्डप्रेसच्या आवृत्तीवर चालते काय, आणि अडल्यावर विचारायला जागा आहे काय. आधी वेबसाइटची पूर्ण प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली. मग प्लगइन बसवायला चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. फॉर्म भरायला मात्र आमचे पाच रविवार गेले.

पहिला रकाना प्रकाराचा. प्लगइनने आपल्या मनाने आमच्या प्रत्येक पानाला ‘लेख’ ठरवले होते. आम्ही यादीत ‘लायब्ररी’ शोधून काढले. ते सापडले ‘स्थानिक व्यवसाय’ या मोठ्या गटाच्या पोटात. स्कीमाच्या शब्दसंग्रहात वाचनालयाची जागा खरोखर तीच आहे, केशकर्तनालयाच्या आणि हॉटेलाच्या शेजारी. समितीतले सर्वात वडीलधारे आबा हे ऐकून उठून उभे राहिले. “व्यवसाय? आपण दुकान मांडलंय का? मी सही करणार नाही!” कॉलेजातली एक मुलगी त्यांना समजावू लागली, “आबा, गटाचं नाव तसं आहे, आपल्या चिठ्ठीत फक्त लायब्ररी एवढंच जाईल.” आबांचे समाधान झाले नाही. शेवटी शोधता शोधता त्याच शब्दसंग्रहात एक रकाना मिळाला, ‘इज ॲक्सेसिबल फॉर फ्री’, म्हणजे ही जागा मोफत खुली आहे काय. उत्तर फक्त होय किंवा नाही. आमच्या प्लगइनच्या फॉर्ममध्ये तो दिलेला नव्हता, वेगळी ओळ म्हणून घालावा लागला. तेवढी तसदी आम्ही आनंदाने घेतली. त्या फोनवाल्या पालकांना जे चार महिने कळले नाही ते या एका ओळीत होते. आबांनी ती ओळ मोबाइलवर आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि मगच ते बसले.

वेळेच्या रकान्यात एक गंमत आहे, मराठी वेबसाइट चालवणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. वेळ आणि दिनांक तिथे इंग्रजी आकड्यांतच लिहावे लागतात. पानावर आपण ‘३ जानेवारी, सायंकाळी ६’ असे खुशाल मराठीत लिहावे, पण रकान्यात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग चोवीस तासांच्या हिशेबाने वेळ, आणि शेवटी आपली भारतीय वेळ जगाच्या प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे हे सांगणारी खूण. सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमाची नोंद आम्ही तशीच केली. नावाच्या रकान्यात मराठी अक्षरे व्यवस्थित चालतात. वाचनालयाचे नाव देवनागरीत लिहिले, आणि ‘ऑल्टरनेट नेम’ म्हणजे दुसरे नाव या रकान्यात तेच नाव रोमन लिपीत, कारण आमची मुले मोबाइलवर मराठी शब्दसुद्धा रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात.

मग पत्त्याचा रकाना आला आणि काम तीन आठवडे अडले.

वाचकांपैकी अनेकांना हे सांगायला नको. आमच्या वस्तीला कागदोपत्री एक नाव होते. ते जातीचे नाव होते. आम्ही शाळेत असताना पत्ता सांगायची वेळ आली की आवाज आपोआप खाली जायचा. वस्तीने स्वतःला दुसरे नाव कधीच घेतले होते, कमानीवर ते रंगवलेही होते, परंतु जुन्या कागदांतून जुने नाव हलत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर आमच्याकडची पाटी बदलली. इंटरनेटवरच्या कितीतरी याद्यांत मात्र जुनेच नाव राहिले आहे. ते तिथे कोणी मुद्दाम ठेवलेले नाही. एका यादीवरून दुसऱ्या यादीने उतरवले, एवढेच.

प्लगइन विचारत होते: रस्ता, परिसर, शहर, पिनकोड. परिसरात नवे नाव घालायचे यावर दुमत नव्हते. वाद झाला तो ‘दुसरे नाव’ या रकान्यावरून. अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा, हुशार आणि व्यवहारी, म्हणाला, “काका, रिक्षावाले, कुरिअरवाले अजून जुनंच नाव घेतात. लोक तेच शोधणार. ते नाव रकान्यात नसेल तर त्यांना आपण सापडणार नाही. पानावर तर दिसत नाही ना, मागेच राहील.” त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. आम्हीही थोडे डळमळलो. ग्रंथपालताई आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मागेच राहील म्हणतोस. इतकी वर्षं ते मागेच तर होतं. पुढं कमानीवर आपलं नाव आणि मागं कागदावर त्यांचं. आता हा कागद आपण स्वतः लिहितोय. आपल्या हातानं लिहू का?”

तीन आठवडे हा विषय दर रविवारी निघत राहिला. कोणी म्हणाले मुलांची सोय आधी पाहावी, कोणी म्हणाले स्वाभिमान गहाण ठेवून सोय नको. आमचे मत ताईंच्या बाजूचे होते, पण मुलाचा प्रश्न खोटा नव्हता आणि त्याला उत्तर देणे आमचे कामच होते. उत्तर अखेर त्याच फॉर्ममध्ये निघाले. त्यात अक्षांश आणि रेखांश यांचे रकाने असतात. नकाशावर समाजमंदिराच्या दारावर बोट ठेवून ते आकडे घेतले. पत्त्यात नवे नाव, त्यापुढे ‘पाण्याच्या टाकीमागे’, पिनकोड, आणि हे दोन आकडे. कुरिअरवाल्याच्या मोबाइलला आकडे पुरतात. जुने नाव आमच्या वेबसाइटच्या पुढेही नाही आणि मागेही नाही. त्या मुलानेच ते आकडे टाइप केले.

मध्येच एक तांत्रिक अडथळा आला तोही सांगून टाकतो. भरलेली चिठ्ठी बरोबर आहे की नाही हे तपासायला दोन मोफत साधने आहेत, एक गुगलचे आणि एक स्कीमा डॉट ऑर्गचे. त्यांत पानाचा पत्ता टाकला की यंत्राला काय दिसते ते दिसते. आमच्या वाचनालयाच्या दोन चिठ्ठ्या दिसल्या. वेबसाइटची जी सजावट, म्हणजे थीम, घेतलेली होती ती आधीपासूनच स्वतःची एक चिठ्ठी लावत होती, तीत प्रकार ‘संस्था’ आणि वेळा कोऱ्या. एकाच कर्मचाऱ्याच्या दोन सेवापुस्तिका निघाव्यात तसा प्रकार. थीमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली, साठवलेली जुनी पाने पुसली, पुन्हा तपासले, एकच दिसली.

तरुण मंडळींचा उत्साह आवरणे हेही या कामात येते. एकाने सुचवले की पाचपैकी पाच तारे देणारे अभिप्राय आपणच रकान्यात भरावेत, म्हणजे शोधताना वाचनालयाच्या नावाखाली चांदण्या दिसतील. आम्ही स्पष्ट नकार दिला. जे पानावर माणसाला दिसत नाही ते चिठ्ठीत लिहू नये, असा गुगलचा नियमच आहे, आणि नियम नसता तरी खोटी नोंद ती खोटी नोंद. शिवाय संस्थेने स्वतःच्या पानावर स्वतःला दिलेल्या चांदण्या गुगलने सप्टेंबर २०१९ पासून दाखवणे बंद केले आहे. प्रश्नोत्तरांचा रकाना भरला की शोधात प्रश्न उलगडून दिसत, तेही ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक वेबसाइटांसाठी थांबले. हे शोधयंत्रवाले आज एक दाखवतात, उद्या काढून घेतात. रकाने भरले म्हणून आपले नाव वर येईल अशी हमी ते देत नाहीत. जो कोणी पैसे घेऊन तशी हमी देतो त्याच्यापासून आपल्या मंडळांनी चार हात दूर राहावे.

आणखी एक रकाना होता लेखकाचा. आमच्याकडे अभ्यासिकेतल्या मुली पुस्तकांचे छोटे परिचय लिहितात. प्लगइन त्या पानांना लेखक म्हणून व्यक्तीचे नाव जोडते. फोटो आणि फोन कोणाचेच द्यायचे नाहीत हे लगेच ठरले. वाचनालयाचा फोन एकच, समाजमंदिरातला. नावाबद्दल आम्ही प्रत्येकीला वेगवेगळे विचारले. दोघींनी फक्त पहिले नाव दिले. एकीला तिच्या भावाने सुचवले होते की आडनाव घालू नकोस, उद्या नोकरीच्या ठिकाणी कोणी शोधले तर. ती आम्हाला म्हणाली, “काका, परिचय मी लिहिलाय ना, मग पूर्ण नाव टाका.” तसे टाकले.

आता पुस्तकांकडे येतो. हे काम अजून चालूच आहे आणि आम्हाला सर्वात प्रिय आहे. प्रत्येक पुस्तकाला एक पान, आणि पानामागे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरी खूण आहे. जुन्या ग्रंथालयांतली कार्डांची कपाटे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात काही नवे वाटणार नाही. फरक एवढाच की ते कपाट आमच्या दारात येणाऱ्यालाच दिसायचे.

अण्णा भाऊ साठे यांचेच उदाहरण घ्या. कुठे ‘अण्णाभाऊ’ जोडून, कुठे ‘अण्णा भाऊ’ तोडून, कुठे तुकाराम भाऊराव साठे असे पूर्ण नाव. आपल्याला ते एकच माणूस आहेत हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. यंत्राला ते तीन लेखक वाटू शकतात. त्यासाठी ‘सेम ॲज’ नावाचा रकाना आहे, म्हणजे हा तोच. त्यात विकिडेटासारख्या सर्वमान्य ठिकाणची त्यांची नोंद जोडली की तिन्ही नावे एका माणसाकडे जातात. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. ‘बलुतं’ १९७८ चे. तिथेही तेच केले.

भाषांतराचाही रकाना आहे. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. माया पंडित यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ साली ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या नावाने निघाले. बाहेरच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या अनेकांना इंग्रजी नावच माहीत असते. इंग्रजी पुस्तक हे कोणत्या मराठी पुस्तकाचे भाषांतर आहे हे रकान्यातून जोडले, म्हणजे इंग्रजी नाव घेऊन येणारा मूळ मराठीच्या दारापर्यंत येऊ शकतो.

आयएसबीएन क्रमांकाच्या रकान्याने मात्र आमची बरीच गंमत केली. या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चे. आमच्या कपाटातली कित्येक पुस्तके त्याआधीची, आणि त्यानंतरचीही बरीच अशा छोट्या छापखान्यांतली की जिथे क्रमांक घेण्याची पद्धतच नव्हती. एका मुलाने तिथे शून्ये भरायला सुरुवात केली होती, कारण रिकामा रकाना त्याला बघवत नव्हता. त्याला कचेरीतली रीत सांगितली. माहिती नसेल तर रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना उद्या कोणीतरी भरू शकतो, चुकीचा भरलेला कोणी उघडूनही बघत नाही.

सर्वात अवघड आहेत त्या भीमगीतांच्या आणि जलशांच्या जुन्या पुस्तिका. सोळा-सोळा पानांच्या, पिवळ्या पडलेल्या, किंमत चार आणे, आठ आणे. गीतकाराचे नाव असले तर आहे, वर्ष बहुधा नाहीच. आबा एकेक हातात घेऊन सांगतात, ही नामांतराच्या लढ्याआधीची, ही आमच्या लग्नात विकायला आली होती. प्रकाशनवर्षाच्या रकान्यात नुसते वर्ष लिहिले तरी चालते, पण वर्ष लागतेच, आबांचे लग्न तिथे बसत नाही. म्हणून वर्ष कोरे ठेवून वर्णनात लिहितो: ‘स्थानिक ज्येष्ठांच्या सांगण्यावरून १९७८ च्या आधीची.’ अशा ४१ पुस्तिका आहेत. त्यांतल्या सतरांच्या नोंदी झाल्या. आबांची नजर आता संध्याकाळी काम देत नाही, तेव्हा उरलेल्या चोवीससाठी आम्ही रविवारी सकाळी नऊला बसतो. ज्यांच्या घरी ट्रंकेत अशा पुस्तिका असतील त्यांनी मुखपृष्ठाचा आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून आणावा. छापखान्याचे नाव बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत असते.